गनी नालबंद आणि बिनशेपटीचा टायगर

जामनेरच्या बैलबाजाराच्या भिंतीला लागून गनी नालबंदाची जागा आहे. जागा म्हणजे वर पत्र्याचं छप्पर, खाली भुसभुशीत केलेली माती आणि कोपऱ्यात एक लोखंडी पेटी. त्या मातीवर दोर लावून बैल पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासून सारखे करायचे आणि नाल ठोकायचे, हे काम गनी चौदाव्या वर्षापासून करत आला. आता तो त्रेसष्टचा आहे. ट्रॅक्टर आले तशी बैलं कमी झाली, पण आसपासच्या गावांतल्या जोड्या अजून त्याच्याकडेच येतात, आणि लांबच्या शेतावर बोलावलं तर तो पेटी घेऊन तिकडेही जातो.

बैल पाडताना, खूर धरताना त्याला कधी लाथ बसली नाही. याचं कारण विचारलं तर तो म्हणायचा, "मी शेपटीकडे पाहतो." मालक जनावराच्या तोंडाशी उभा राहून त्याला चुचकारत असतो. नालबंदाला मागे उभं राहावं लागतं. तिथून डोळे दिसत नाहीत, कान नीट दिसत नाहीत. शेपटी दिसते. गोंडा ढिला लोंबत असला तर जनावर सोसायला तयार आहे. बुडाशी ताठ झाली तर हात मागे घ्यायचा आणि थांबायचं. बैल असो, घोडं असो, गाढव असो, शेपटीवरून त्याच्या मनात काय चाललंय ते गनी ओळखायचा.

आणि हाच माणूस वीस वर्षं कुत्र्यांच्या शेपट्या कापत होता.

ते काम त्याला जळगावच्या भूपेंद्रने लावलं. भूपेंद्रचं टायरचं दुकान, आणि घराच्या मागे तो डॉबरमन कुत्री पाळून पिल्लं विकायचा. डॉबरमनचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्यालाही गावातल्या कुठल्याही कुत्र्यासारखी लांब शेपटी असते, हे गनीला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. पिल्लं तीन-चार दिवसांची झाली की भूपेंद्र ती टोपलीत घालून जामनेरला आणायचा. डोळे न उघडलेली, मुठीत मावणारी पिल्लं. गनी दुसऱ्या सांध्यापाशी दोरा आवळायचा आणि धारेच्या कात्रीने एका दाबात शेपटी तोडायचा. पिल्लू किंचाळायचं. आईजवळ ठेवलं की पुन्हा दूध ओढू लागायचं.

"पाहिलंत गनीभाई? काही वाटत नाही त्याला," भूपेंद्र म्हणायचा.

गनीलाही ते पटलं होतं. दुखत असतं तर पिल्लू दूध कसं ओढेल?

जागेवर बसणाऱ्या माणसांची यावर आपापली मतं होती. कुणी मेंढपाळ म्हणे, शेपूट नसलेलं कुत्रं लांडग्याच्या तोंडी सापडत नाही. कुणी म्हणे, बांडं, बिनशेपटीचं कुत्रं दिसायलाच कडक दिसतं, चोर दुरूनच वळतो. भूपेंद्रचं म्हणणं एवढंच की गिऱ्हाईक शेपटीवालं पिल्लू घेत नाही, गावठी समजतं. विरोधात बोलणारं माणूस गनीच्या घरातच निघालं. त्याची नात अलफिया जनावरांच्या दवाखान्याची पदविका करत होती. सुट्टीत घरी आली की म्हणायची, "दादा, नुसत्या हौसेसाठी शेपूट कापू नये असं आम्हाला शिकवतात. त्यात हाड असतं, नस असते. कुत्रं शेपटीनंच सगळं सांगतं."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून कापतोय मी," गनी म्हणायचा आणि विषय संपायचा.

चार वर्षांपूर्वी वाघूर नदीकाठच्या शालिग्रामने त्याच्याकडे कुत्र्यासाठी शब्द टाकला. शालिग्रामची नऊ एकर केळी. बागेच्या मधोमध विहीर आणि दोन खोल्यांचं घर, तिथे तो आणि त्याची बायको बेबाबाई दोघंच राहत. विहिरीच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली होती, म्हणून त्याला राखणीला कुत्रं हवं होतं. गनीने भूपेंद्रशी गाठ घालून दिली. त्या वेळी डॉबरमनच्या मादीला पाच पिल्लं झाली होती. गनीने चार पिल्लांच्या शेपट्या कापल्या. पाचवं पिल्लू मादी होतं आणि इतकं रोडकं की आईच तिला ढकलून देत होती. "हिला कशाला कात्री लावायची, ही दोन दिवसांची सोबती," असं म्हणून गनीने ती तशीच ठेवली. ती मेली नाही. पण शेपटीमुळे तिला कुणी घेईना, तेव्हा भूपेंद्रने शालिग्रामला नरासोबत ती फुकट देऊन टाकली. नराचं नाव टायगर पडलं, मादीचं राणी.

गेल्या पौषात शालिग्रामने बैलजोडीला नाल ठोकायला गनीला शेतावर बोलावलं. सकाळचे नऊ वाजले असतील. एक बैल पाडून झाला होता, दोन खूर झाले होते. खिळे घ्यायला गनी पेटीकडे वळला तर टायगर तिथे उभा होता. इतक्या वर्षांत गनीने त्याला पाच-दहा वेळा पाहिलं असेल, पण नेहमी साखळीला बांधलेला. आज तो मोकळा होता.

गनीची नजर सवयीने त्याच्या मागच्या अंगाकडे गेली. तिथे काहीच नव्हतं. अंगठ्याएवढा खुंट होता, पण त्याकडे कोण पाहतो? कुत्रं भुंकत नव्हतं, गुरगुरत नव्हतं. नुसतं उभं होतं.

"शालिग्रामभाऊ, कुत्रं मोकयं हाये का?"

"असू द्या गनीभाऊ," बैलाची मान धरून बसलेला शालिग्राम म्हणाला. "ओयखते तो तुमाले. काई करत नाही."

गनी खाली वाकला. खांद्यावरचं दोराचं वेटोळं घसरलं आणि कुत्र्याच्या मागच्या अंगावर पडलं. पुढच्या क्षणी त्याचा डावा हात कोपराखाली कुत्र्याच्या जबड्यात होता. आवाज असा झालाच नाही. शालिग्राम बांबू घेऊन धावला तेव्हा टायगरने हात सोडला आणि तो केळीच्या ओळीत नाहीसा झाला.

बेबाबाईने मोटार चालू केली आणि साबणाची वडी घेऊन गनीचा हात पाण्याच्या धारेखाली धरला. "हालू नका भाऊ," ती म्हणत राहिली. "लई वेय धुवा लागते." गनी पाण्याबरोबर वाहून जाणारं आपलं रक्त पाहत होता. दुखत होतं, पण त्याला दुखण्याची भीती वाटत नव्हती. त्याला दुसरंच आठवत होतं.

तो अकरा वर्षांचा असताना त्याचे लतीफमामू वारले. मामू कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी वाहायचे. रस्त्यावरचं कुत्रं पोटरीला चावलं, त्यांनी जखमेत मिरची भरली आणि कामावर गेले. दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांनी पाणी मागितलं. गनीने पेला नेला. पेला ओठांजवळ आला आणि मामूंचा गळा आतून ओढल्यासारखा झाला, डोळे पांढरे झाले, पेला भिंतीवर जाऊन आदळला. मामूंना तहान लागली होती आणि पाणी दिसलं की ते थरथरत होते. मग त्यांनी स्वतःच सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दाराला बाहेरून कडी लावून घ्यायला लावली. तीन दिवस गनी अंगणातून ते दार पाहत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून येणारा आवाज थांबला.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि विचारलं, "कुत्र्याला लस दिलेली आहे?"

शालिग्राम खाली पाहू लागला.

"गेल्या महिन्याभरात दुसरं कुत्रं चावलं होतं का त्याला?"

"एक कुत्रं आलं व्हतं नदीकून," शालिग्राम म्हणाला. "लाळ गयत व्हती त्याची. दोघांची जुंपली व्हती."

बाईंनी पहिली सुई दिली, जखमेच्या भोवती टोचायच्या औषधासाठी त्याच दिवशी जळगावला पाठवलं, पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. म्हणाल्या, "सुया वेळेवर घेतल्या तर घाबरायचं कारण नाही. पण कुत्र्याला मारू नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस बघा. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता."

बाहेर आल्यावर शालिग्राम म्हणाला, "दहा दिवसाचं झंझट कायले? आज दुपारीच त्याचं काम करून टाकतो."

"नका करू," गनी म्हणाला.

"तुमाले चावला ना तो?"

"त्याले मारलं तर मले कसं कळीन भाऊ? तो जगला पाह्यजे. दहा दिवस जगला पाह्यजे."

"आन मंग?"

"मंग तुमची मर्जी."

गनीला कुत्र्याची दया आली नव्हती. त्याला स्वतःच्या जिवाची भीती होती, आणि त्या भीतीचं उत्तर त्या कुत्र्याच्या अंगात होतं. भुकेने टायगर संध्याकाळी स्वतःच घरापाशी आला, तेव्हा बेबाबाईने भाकरी दाखवून त्याला साखळी लावली.

दुसऱ्या दिवसापासून गनी रोज सकाळी काळीपिवळी जीपने फाट्यापर्यंत जायचा आणि तिथून बांधाबांधाने चालत शेतावर पोचायचा. टायगर गोठ्याच्या लोखंडी खांबाला बांधलेला असे. साखळी किती लांब पोचते ते गनीने पावलं टाकून मोजलं होतं. त्याच्या दुप्पट अंतरावर तो केळीचं प्लास्टिकचं क्रेट पालथं घालून बसायचा आणि कुत्र्याकडे पाहत राहायचा. चालताना पाय लटपटतात का? जबडा लोंबतो का? आवाज बदललाय का? कुत्रंही त्याच्याकडे पाहायचं. दोघांपैकी कुणीही जागचं हलायचं नाही.

घरी त्याची वेगळीच परीक्षा चाले. सकाळी उठल्याबरोबर तो पेला भरायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. पाणी ओठांशी आणायचं, डोळे मिटायचे आणि प्यायचं. घोट खाली उतरला की जरा वेळ बरं वाटायचं. मग वाटायचं, या वेळी गळा जरा आवळला का? पुन्हा एक घोट. त्याची बायको रहिमाबी हे दोन दिवस पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिने पेला त्याच्या हातातून काढून घेतला. "इतना पानी कोई पीता है क्या?" ती म्हणाली. मामूंना दोन महिन्यांनी झालं होतं, हे तिलाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी टायगरने भाकरीकडे तोंड फिरवलं.

"काल बी थोडीच खाल्ली," बेबाबाई म्हणाली.

"पाणी?"

"पिला असीन. मी पाह्यलं नाही."

चौथ्या दिवशी त्याच्या तोंडाच्या कडेला लाळेची तार दिसली. गनी क्रेटवरून उठला आणि विहिरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. घरी जाताना काळीपिवळीत शेजारचा माणूस काही विचारत होता. गनीला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते.

पाचव्या दिवशी तो बांधावर पोचला तेव्हा गोठ्याच्या खांबाला नुसती साखळी लोंबत होती.

शालिग्राम व्यापाऱ्याकडे सावद्याला गेला होता. बेबाबाई एकटीच होती, हातात दोरी आणि फडक्यात भाकरी. "साखयी तोडली नाही भाऊ, पट्ट्यातून मान काढली त्यानं. मी नदीकडून पाह्यते. तुमी इथंच बसा."

गनीला बसायचं होतं. त्याहून जास्त त्याला फाट्याकडे पळायचं होतं. पण कुत्रं पिसाळलेलं असेल आणि बेबाबाईच्या अंगावर गेलं तर? आणि ते सापडलंच नाही तर उरलेले पाच दिवस आणि पुढचे दोन महिने कसे जायचे? त्याने गोठ्यातला बांबू उचलला आणि तो बागेत शिरला.

केळीच्या ओळीत दहा पावलं गेलं की आभाळ दिसेनासं होतं. वर पानांचं छप्पर, खाली ओल आणि खोडाच्या कुजक्या सोपटांचा वास. सुकलेली पानं त्याच्या मानेला, कानाला घासत होती आणि प्रत्येक स्पर्शाने त्याचं अंग आकसत होतं. पुढे काही खसखसलं तर तो थांबायचा. मागे खसखसलं तर वळायचा. दवाखान्यातली पट्टी बांधलेला हात त्याने पोटाशी धरला होता. तोंडाला इतकी कोरड पडली होती की जीभ टाळूला चिकटली, आणि लगेच त्याला वाटलं, हेच ते. सुरू झालं.

ठिबकच्या नळीला गळती लागून एका जागी डबकं साचलं होतं. तिथे दोन्ही कुत्री होती. एकाच रंगाची, जवळजवळ एकाच उंचीची. टायगर पाणी पीत होता. लप लप असा आवाज येत होता.

राणीने आधी मान वर केली. तिची लांब शेपटी क्षणभर ताठ उभी राहिली, मग खाली आली आणि सावकाश इकडून तिकडे हलू लागली. तिने ओळखलं होतं. ती काही करणार नव्हती. पानावर लिहिलेलं वाचावं इतकं ते गनीला सोपं होतं.

मग टायगरने मान वर केली.

सहा-सात पावलांचं अंतर होतं. बांबू गनीच्या हातात तसाच राहिला. तो त्या कुत्र्याकडे पाहत राहिला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. शेपटी नव्हती म्हणून तो बाकी अंग पाहू लागला. मागचे पाय दुमडलेले. कान मागे चिकटलेले. सगळा भार मागच्या बाजूला. आणि तो खुंट. तो खाली दाबून धरला होता आणि थरथरत होता. शेपटी असती तर ती या वेळी पोटाखाली पार छातीपर्यंत गेली असती, आणि गनीने पन्नास पावलांवरून ओळखलं असतं की हे जनावर भेदरलेलं आहे. त्या दिवशीही ते असंच उभं राहिलं असेल. त्या दिवशीही ते सांगत असेल की जवळ येऊ नको.

गनीने बांबू हळूच जमिनीवर टेकवला. अंग आडवं वळवलं, नजर खाली घातली आणि एकेक पाऊल मागे घेतलं. कुत्रं आलं नाही. मग त्याने बेबाबाईला हाक मारली. तिने भाकरी टाकली, पाठीवर हात ठेवला आणि दोरी बांधली. टायगर तिच्याबरोबर मुकाट चालत गेला.

शनिवार होता. अलफिया घरी आली होती. गनीने दारातूनच सांगितलं, "पाणी पीत होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे तसं काही नाही."

खोटं सांगावं की खरं, याचा विचार ती करत होती हे त्याला दिसलं.

"दादा, माणसासारखी पाण्याची भीती कुत्र्यात दिसेलच असं नसतं. पिसाळलेलं कुत्रंही पाणी पितं, आणि नुसतं भेदरलेलं कुत्रंही भाकरी सोडतं, लाळ गाळतं. दहा दिवस पूर्ण होऊ दे."

त्या रविवारी ती त्याच्याबरोबर शेतावर आली. लांबून टायगरकडे पाहत तिने बेबाबाईला विचारलं, "मावशी, मागच्या अंगाला हात लावू देतो का हा?"

"नाही माय. पिल्लू व्हता तवापासून नाही. आंघोय घालतानी बी मागं हात गेला का कावरतो, अंग चोरतो. राणीचं तसं नाही." मग आठवून ती म्हणाली, "आन कोनतं बी कुत्रं आलं का याच्याशीच भांडते. राणीले कोनी काई करत नाही."

"त्यांना हिची शेपटी दिसते. याच्या मनात काय आहे ते कळत नाही," अलफिया म्हणाली. मग ती गनीकडे वळली. "दादा, तुला चावायच्या आधी नक्की काय झालं होतं?"

गनीने दोर घसरल्याचं सांगितलं.

"खुंटावर पडला?"

"असेल."

"कापलेल्या नसेच्या टोकाला कधी कधी गाठ धरते. नुसता धक्का लागला तरी कळ जाते. वर्षानुवर्षं दुखत राहते."

"चार वर्षं?"

शेपटी कुणी कापली होती ते तिला माहीत होतं, आणि ते ती बोलून दाखवणार नव्हती.

सातव्या दिवशी टायगरने निम्मी भाकरी खाल्ली. आठव्या दिवशी पूर्ण. गनीला मात्र जेवण जात नव्हतं. त्याच्या भीतीत आता आणखी एक गोष्ट मिसळली होती. मुठीतलं पिल्लू, दोरा, कात्रीचा दाब, हे सगळं त्याला दिवसाउजेडी डोळ्यांपुढे दिसायचं. मामूंच्या दारापलीकडचा आवाज आणि पिल्लाचं किंचाळणं त्याला वेगळं काढता येईना. तो रहिमाबीला म्हणाला, "मला वाटायचं दूध पितं म्हणजे दुखत नाही." ती म्हणाली, "रडता रडता पोरंही दूध पितात की."

दहाव्या दिवशी बांधावर पोचल्यावर त्याचे पाय पुढे पडेनात. तिथून गोठा दिसत होता, पण खांबाच्या खाली काय आहे ते दिसत नव्हतं. तो तिथेच मातीत बसला. बेबाबाई शेण काढत होती, तिने त्याला पाहिलं.

"या ना भाऊ. कायले बसले?"

"हाये का तो?"

"हाये ना. भाकर खाऊन बसला."

गनी उठला नाही. त्याने फडक्याने तोंड झाकलं.

शालिग्राम आला आणि शेजारी उकिडवा बसला. "सुटले तुमी," तो म्हणाला. "आता माझी मर्जी ना? असं चावरं कुत्रं मी ठेवत नाही. मजूर यायला भेतात."

"नका मारू," गनी म्हणाला.

"आता कायले अडवता? तुमचं काम झालं."

"त्याचं शेपूट मी कापलं, भाऊ. तिथं दुखते त्याले. मी येतो संग, जयगावच्या दवाखान्यात दाखवू. दोघायले लस बी देऊ. मंग बी चावला तर मी तोंड उघडणार नाही."

शालिग्राम म्हणाला, "बेबालेच विचारा. तिचंच ऐकते ते कुत्रं." बेबाबाई आधीच राणीसाठीही दोरी शोधायला गेली होती.

जनावरांच्या डॉक्टरांनी टायगरच्या तोंडाला पट्टी बांधून खुंट दाबून पाहिला तेव्हा ते कुत्रं ज्या आवाजात ओरडलं, त्याने गनी दारापर्यंत मागे सरकला. डॉक्टरांनी त्याला धरायला सांगितलं, कारण जनावर धरण्यात तो मुरलेला होता. त्याने मानेला हात घातला, पण त्याला पकड घेता येईना, तेव्हा अलफियाने त्याला बाजूला केलं आणि स्वतः धरलं. भूल देऊन डॉक्टरांनी गाठ काढली. वाटाण्याएवढी, पांढुरकी. ती त्यांनी ट्रेमध्ये ठेवून गनीला दाखवली. गनी ती पाहून बाहेर व्हरांड्यात आला आणि संपेपर्यंत आत गेला नाही.

फाल्गुनात भूपेंद्र गाडी घेऊन आला. टोपलीत सहा पिल्लं होती, एकमेकांच्या अंगावर चढून झोपलेली. गनी एका बैलाचा खूर तासत होता. त्याने टोपलीकडे एकदा पाहिलं आणि तो पुन्हा खुराकडे वळला.

"गनीभाई, उद्या पाचवा दिवस लागेल. आजच करून टाकू."

"मी सोडलं ते काम."

"एक कुत्रं चावलं म्हणून?"

"हो. चावलं म्हणूनच कळलं."

भूपेंद्र पेटीवर बसला. तो वाईट माणूस नव्हता, पिल्लांना जपायचा. "हे बघा, शेपटीवालं पिल्लू लोक हातात धरत नाहीत. परत करतात. मग ती कुठे जातात, रस्त्यावर. मी न कापून त्यांचं भलं करतो असं वाटतं का तुम्हाला?"

शेपटीमुळे कुणी न घेतलेली राणी त्याने पाहिली होती, पण सगळ्याच पिल्लांना बेबाबाई भेटत नाही, हेही तो जाणून होता. तो म्हणाला, "तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला ठाऊक. माझा हात चालणार नाही. खरं सांगतो, मला भीती वाटते."

"कसली?"

"त्या पिल्लाची."

भूपेंद्रला वाटलं तो थट्टा करतोय. मग गनीचा चेहरा पाहून तो उठला, टोपली उचलली आणि गाडीकडे गेला. नंतर गनीच्या कानावर आलं की त्याने भुसावळात कुणाकडून तरी ते काम करून घेतलं. सहापैकी दोन पिल्लं मात्र त्याने शेपटीसकट ठेवली. कशी खपतात ते पाहू, असं तो कुणाला तरी म्हणाला होता. ती खपली की नाही ते गनीला कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी शालिग्रामने पुन्हा बोलावलं. शेवटची सुई घेऊनही दोन महिने उलटले होते. डॉक्टरीणबाईंनी तर तेव्हाच सांगितलं होतं, आता विसरा. गनी बांधावर थांबला आणि त्याने हाक मारून कुत्रं बांधलंय का ते विचारलं. बेबाबाई म्हणाली, बांधलंय. टायगर आता खुंटाला हात लावू देतो, पाठीवर लोळतो, मजूरही त्याला भीत नाहीत, असं तिने सांगितलं. गनीने ऐकून घेतलं. मग गोठ्यापाशी जाऊन साखळीची कडी स्वतः ओढून पाहिली, पट्टा किती घट्ट आहे ते लांबून निरखलं, आणि बैल विहिरीच्या कठड्याशी आणायला सांगितला, म्हणजे पाठीमागे भिंत राहील.

चारही खूर होईपर्यंत त्याने तीनदा मान वळवून पाहिलं. टायगर सावलीत पडून होता आणि त्याचा खुंट मातीवर सैल टेकलेला होता. राणी गनीजवळ येऊन बसली. त्याला तीही जरा लांब बसलेली बरी वाटली असती, पण त्याने तिला हाकललं नाही.